क्वेरी चालताना रचायची, तर कोणाच्या शब्दांनी?

साखर कारखान्याच्या शेतकी विभागातला शोधाचा स्क्रीन डोळ्यांसमोर आणा. गट, गाव, उसाची जात, लागणीचा प्रकार आणि लागणीची तारीख असे पाच रकाने, आणि त्यातला एकही सक्तीचा नाही. शेतकी अधिकारी कधी 'को ८६०३२, आडसाली' एवढेच भरतो, कधी एका गावातला सगळा खोडवा मागतो, कधी नुसती तारखेची मर्यादा देतो. प्रत्येक रकाना भरलेला किंवा रिकामा, म्हणजे पाच रकान्यांचे ३२ प्रकार झाले. त्यात सभासद-बिगरसभासद आणि सिंचनाचा प्रकार हे आणखी दोन घातले की आकडा १२८ वर जातो. इतक्या क्वेऱ्या कोणी आधी लिहून ठेवत नाही. प्रोग्रॅम चालू असतानाच, भरलेल्या रकान्यांकडे पाहून क्वेरी जुळवावी लागते. व्यावसायिक प्रोग्रॅमात बसवलेली डायनॅमिक क्वेरी म्हणतात ती हीच, आणि तिची गरज अशा साध्या कामातूनच उभी राहते.

अहिल्यानगर जिल्ह्यात हे काम थोडे नाही. प्रवरानगरला १९५०-५१ च्या हंगामात सहकारी कारखान्याचे गाळप सुरू झाले तेव्हा सगळी नोंद वहीत होती. आज कोपरगाव, संगमनेर, राहुरी, नेवासे, श्रीगोंदे या पट्ट्यातल्या कारखान्यांचे, दूध संघांचे, पतसंस्थांचे आणि बाजार समित्यांचे हिशेब संगणकावर चालतात. ते प्रोग्रॅम लिहिणाऱ्या-सांभाळणाऱ्यांत लोणी, संगमनेर, कोपरगावच्या महाविद्यालयांतून शिकलेले तरुणही असतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे. सांगायचे ते एकच, आणि बाकीचा लेख त्याचीच कारणे देणारा आहे: क्वेरीचा सांगाडा प्रोग्रॅमरने आधी लिहून ठेवलेल्या तुकड्यांतूनच जुळला पाहिजे, वापरकर्त्याकडून आलेले एकही अक्षर त्या सांगाड्यात शिरता कामा नये, ते फक्त मूल्य म्हणून बाइंड होऊन गेले पाहिजे. काट्यावरच्या वजनपावतीत रकान्यांची नावे छापलेली असतात आणि कारकून फक्त आकडे भरतो. नवा रकाना पाडायची मुभा त्याला नसते. क्वेरीतही एवढीच शिस्त हवी.

पण त्याआधी, ही क्वेरी डायनॅमिक असायलाच हवी का, हे स्वतःला विचारा. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस मिळाल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला पैसे द्यायचे असतात, आणि उशीर झाला तर वार्षिक १५ टक्के दराने व्याज. '१४ दिवस उलटूनही बिल निघाले नाही अशा खेपा दाखवा' ही क्वेरी दर हंगामात तशीच राहते. बदलते ती फक्त आजची तारीख. अशी क्वेरी स्टॅटिकच लिहा. कोबोल किंवा सी मध्ये 'एक्झेक एसक्यूएल' लावून ती बसवली की प्रीकंपायलर ती आधीच वाचतो, आणि डेटाबेसशी जोडून तपासायला सांगितले असेल तर कॉलमचे नाव चुकले तरी ते कंपाइल करतानाच कळते, गाळप ऐन भरात असताना रात्री दोन वाजता नव्हे. डीबी२ मध्ये तर अशा क्वेऱ्यांचे पॅकेज बनते, डेटा कुठल्या वाटेने काढायचा हे आधीच ठरते, आणि परवानगी पॅकेजच्या मालकाची लागू होते. काट्यावरच्या कारकुनाला टेबलावर थेट अधिकार न देताही त्याचे काम चालते. डायनॅमिक क्वेरीत सर्वसाधारणपणे ती चालवणाऱ्याचीच परवानगी पाहिली जाते, म्हणजे अधिकार वाढवून द्यावे लागतात. म्हणून डायनॅमिक क्वेरीची गरज आधी सिद्ध व्हायला हवी. रचना खरोखरच आधी माहीत नसेल तरच तिच्याकडे वळा. नुसती मूल्ये बदलत असतील तर स्टॅटिक क्वेरी आणि होस्ट व्हेरिएबल पुरेसे आहे.

रचना बदलते असे ठरले की मग पद्धत निवडायची. १९९२ च्या एसक्यूएल मानकात डायनॅमिक क्वेरीची शब्दावली आली, आणि ऑरेकलच्या प्रो-सी, प्रो-कोबोलमध्ये तिच्या चार पायऱ्या शिकवल्या जातात. पहिलीत तयार वाक्य 'एक्झिक्यूट इमिजिएट'ने तिथल्या तिथे चालवायचे, त्यात मूल्ये देता येत नाहीत. दुसरीत 'प्रिपेअर' करून मूल्यांसह 'एक्झिक्यूट' करायचे. तिसरीत 'सिलेक्ट' असल्याने कर्सर उघडून ओळी उचलायच्या. चौथीत किती कॉलम येणार आणि किती मूल्ये जाणार हेच माहीत नसते, तेव्हा 'डिस्क्राइब' करून वर्णनपट्टीतून (डिस्क्रिप्टर) ते विचारून घ्यायचे. चौथी पायरी ताकदवान आहे आणि त्याच मानाने किचकट. सर्वसाधारण रिपोर्ट बनवणारे साधन लिहीत नसाल तर तिच्या वाटेला जाऊ नका. काम भागेल ती सर्वांत खालची पायरी निवडावी.

शेतकीच्या स्क्रीनवर हे असे दिसते. मूळ तुकडा कायमचा: 'सिलेक्ट नोंद_क्र, सभासद_क्र, गाव_कोड, क्षेत्र फ्रॉम ऊस_नोंद व्हेअर हंगाम = ?'. गाव भरले असेल तर त्यापुढे 'अँड गाव_कोड = ?' हा आधी लिहिलेला तुकडा जोडायचा आणि त्याच वेळी मूल्यांच्या यादीत गावाचा कोड टाकायचा. जात भरली असेल तर 'अँड जात_कोड = ?' आणि यादीत जातीचा कोड. प्रत्येक तुकड्यात प्रश्नचिन्ह आहे, मूल्य नाही. शेवटी वाक्य 'प्रिपेअर' होते आणि यादीतली मूल्ये क्रमाने बसतात. तुकडा जोडणे आणि मूल्य टाकणे या दोन ओळी कोडमध्ये लागून असाव्यात. त्यांची फारकत झाली की क्रम चुकतो आणि जातीच्या जागी गाव जाते. जावा, सी शार्प, पीएचपी, पायथन, कशातही हाच साचा चालतो. ऑरेकलच्या तिसऱ्या पायरीत मात्र मूल्यांची संख्या आधी ठरलेली लागते. तिथे एक जुनी युक्ती कामाला येते: गावाचा रकाना रिकामा असेल तर तुकडा गाळायचा नाही, त्याऐवजी 'अँड (१=१ ऑर :गाव इज नल)' असा जोडायचा. ही अट नेहमीच खरी असल्याने ऑप्टिमायझर ती बाजूला काढतो, पण मूल्याची जागा शिल्लक राहते आणि संख्या सगळ्या ३२ प्रकारांत सारखीच येते.

आता हीच क्वेरी अधिक चिन्हाने मूल्ये चिकटवून रचली तर काय होते ते पाहा. समजा स्क्रीनवर सभासदाच्या नावाचाही रकाना आहे. त्यात इंग्रजी स्पेलिंगने डि'सूझा लिहिले की मधल्या अवतरणचिन्हाने नाव अर्ध्यातच संपते, उरलेला 'सूझा' डेटाबेसला कळत नाही आणि स्क्रीनवर एरर येते. कोणाचा वाईट हेतू नव्हता, तरी क्वेरी मोडली. हेतू वाईट असेल तर त्याच रकान्यात अवतरणचिन्ह, 'ऑर' आणि नेहमी खरी असणारी अट लिहून एका सभासदाऐवजी सगळ्या सभासदांची यादी काढता येते. या प्रकाराचे जाहीर वर्णन डिसेंबर १९९८ मध्ये 'फ्रॅक' या मासिकात आले. त्याला पाव शतक उलटून गेले, तरी घटना थांबलेल्या नाहीत. २०१५ मध्ये ब्रिटनच्या टॉकटॉक या दूरसंचार कंपनीच्या १,५६,९५९ ग्राहकांची माहिती याच वाटेने बाहेर गेली. तिथल्या नियामकाने २०१६ मध्ये चार लाख पौंडांचा दंड केला. भोक होते ते दुसरी कंपनी विकत घेताना सोबत आलेल्या जुन्या वेबपानांत. २०२३ मध्ये मूव्हइट या फाइल पाठवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये हाच दोष निघाला आणि जगभरच्या असंख्य संस्थांना त्याचा फटका बसला. आपल्याकडे २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पतसंस्थेच्या ठेवीदारांचे खाते क्रमांक ज्या प्रोग्रॅममधून जातात, तो लिहिणाऱ्याने हा आकडा एकदा वाचून ठेवावा.

यावर नेहमीचे उत्तर मिळते: 'आमचा प्रोग्रॅम कार्यालयाच्या आतच चालतो, बाहेरचा कोण येणार?' काल ते बऱ्याच अंशी खरे होते. आज ऊस नोंदीची, खेपांची आणि बिलांची माहिती शेतकऱ्याला मोबाइलवर हवी असते, आणि मोबाइलसाठी दार उघडले की आत तीच जुनी क्वेरी बसलेली असते. टॉकटॉकची गोष्ट नेमकी हीच आहे. शिवाय मूल्य थेट बाहेरून यायला हवे असेही नाही. नोंदणीच्या वेळी नावात शिरलेले अवतरणचिन्ह टेबलात शांत बसून राहते आणि सहा महिन्यांनी बिलाचा प्रोग्रॅम ते नाव उचलून दुसऱ्या क्वेरीत चिकटवतो तेव्हा घात होतो. स्वतःच्या टेबलातून आलेले मूल्यही बाइंडच करा. अवतरणचिन्हे दुप्पट करून भागवणारेही आहेत. ते शंभर ठिकाणी आठवते आणि एकशे एकाव्या ठिकाणी विसरते. आकड्याच्या रकान्यात तर अवतरणचिन्ह नसतेच, तिथे या उपायाचा काहीच उपयोग नाही. 'आम्ही सगळे स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये ठेवले आहे' हेही पुरेसे उत्तर नाही. प्रोसिजरच्या आत मूल्ये चिकटवूनच वाक्य रचले असेल तर भोक फक्त घराच्या आतल्या खोलीत सरकले.

बाइंड करण्याचा दुसरा फायदा वेगाचा. हंगामात काट्यावर दिवसाला शेकडो खेपा येतात. प्रत्येक खेपेला भरलेले वजन, रिकामे वजन, वाहन आणि तोडणी टोळी यांसाठी क्वेऱ्या चालतात. खेपेचा क्रमांक वाक्यात चिकटवला तर डेटाबेसच्या दृष्टीने प्रत्येक वाक्य नवे, आणि ऑरेकलसारख्या डेटाबेसला ते दर वेळी पहिल्यापासून वाचून वाट ठरवावी लागते. प्रश्नचिन्ह असले की वाक्य तेच राहते आणि ठरवलेली वाट पुन्हा वापरता येते. इथे जाणकार एक रास्त आक्षेप घेतात. मूल्य लपवले की ऑप्टिमायझर आंधळा होतो. समजा एका मोठ्या गावाच्या हजारो नोंदी आहेत आणि एका वाडीच्या मोजक्या. वाडीसाठी इंडेक्स उत्तम, मोठ्या गावासाठी कदाचित सगळे टेबल वाचणेच स्वस्त. दोघांना एकच वाट दिली तर एकाचे नुकसान. आक्षेप खरा आहे, पण तो चिकटवण्याचे समर्थन ठरत नाही. ऑरेकलमध्ये ११जी पासून मूल्यांप्रमाणे वेगळ्या वाटा सांभाळण्याची सोय आहे. पोस्टग्रेस पहिल्या पाच वेळा मूल्य पाहून वाट काढतो आणि मग सामाईक वाट परवडते का ते ताडतो. १२ व्या आवृत्तीपासून ही निवड आपल्याला हाताने ठरवता येते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये त्या एका क्वेरीपुरते पुन्हा कंपाइल करायला सांगता येते. दुखणे एका क्वेरीचे असेल तर औषध तिलाच द्यावे.

आणखी एक आक्षेप अधिक सरळ आहे. डायनॅमिक कशाला, 'व्हेअर (:गाव इज नल ऑर गाव_कोड = :गाव) अँड (:जात इज नल ऑर जात_कोड = :जात)' अशी एकच स्टॅटिक क्वेरी सगळ्या ३२ प्रकारांना पुरते की! पुरते, आणि टेबल लहान असेल तर खुशाल तीच लिहा. पतसंस्थेच्या दोन-चार हजार सभासदांत शोध घ्यायला डायनॅमिकचा खटाटोप करणे म्हणजे उगाच हौस. पण ऊस नोंदीचे टेबल हंगामामागून हंगाम वाढत जाते, आणि अशा सर्वसमावेशक अटीपुढे ऑप्टिमायझर कुठल्याही एका इंडेक्सवर विश्वास टाकू शकत नाही, तो पुष्कळदा सगळे टेबल वाचतो. आधी ही सोपी क्वेरी लिहा, खऱ्या डेटावर मोजा, आणि संथ निघाली तरच तुकडे जोडायला घ्या. ओआरएम, म्हणजे क्वेऱ्या आपोआप रचणारे साधन, वापरणाऱ्यांचा दावा असतो की हा सगळा विषयच आता जुना झाला. तुकडे जोडण्याचे काम ओआरएम तुमच्यासाठी करतो, हे मान्य. पण किचकट रिपोर्ट आला की तुम्ही त्यातही कच्ची क्वेरी लिहिण्याची खिडकी उघडताच, आणि तिथे नियम जुनेच लागू होतात.

खरी अडचण पुढे आहे. प्रश्नचिन्ह मूल्याच्या जागी चालते, टेबलाच्या किंवा कॉलमच्या नावाच्या जागी नाही. वापरकर्त्याला यादी कधी गावाप्रमाणे, कधी लागणीच्या तारखेप्रमाणे लावून हवी असते. 'ऑर्डर बाय ?' लिहून कॉलमचे नाव बाइंड केले तर काही डेटाबेस एरर देतात. काही मात्र निमूटपणे ते एक स्थिर अक्षरमूल्य समजतात आणि यादी लागतच नाही. दुसरे वाईट, कारण कोणाच्या लक्षात येत नाही. उपाय साधा: स्क्रीनवरून '१' किंवा '२' एवढेच यावे आणि प्रोग्रॅमने स्वतःच्या तक्त्यातून १ ला 'गाव_कोड', २ ला 'लागण_तारीख' हे शब्द जोडावेत, तक्त्यात नसलेले काही आले तर नकार द्यावा. फॉक्सप्रो-क्लिपर वळणाच्या जुन्या पॅकेजांत दर वर्षाचे वेगळे टेबल असते, 'ऊसनोंद_२४२५' असे, आणि त्यामुळे टेबलाचे नावच डायनॅमिक होते. तिथेही परवानगीची यादीच हवी. पोस्टग्रेसमध्ये 'फॉरमॅट'चे नावांसाठीचे चिन्ह वापरा, ऑरेकलमध्ये नाव तपासणारे तयार पॅकेज आहे. पण माझे मत विचाराल तर हे दुखणे क्वेरीचे नाही, रचनेचे आहे. एकच टेबल करा, त्यात हंगामाचा कॉलम घाला, मोठे झाले तर हंगामाप्रमाणे पार्टिशन पाडा. टेबलाचे नाव क्वेरीत बदलायची पाळीच येणार नाही.

या जिल्ह्याने मूल्य आणि सांगाडा यांतला फरक नुकताच सगळ्यांना दाखवला. १३ मार्च २०२४ रोजी राज्य मंत्रिमंडळाने अहमदनगरचे अहिल्यानगर करण्याचा निर्णय घेतला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अधिसूचना निघाली. ज्या प्रोग्रॅममध्ये क्वेरीच्या आतच जिल्ह्याचे नाव अक्षरांत लिहिलेले असेल तिथे प्रत्येक क्वेरी शोधून दुरुस्त करणे आले, आणि एक राहिली की नव्या नावाच्या नोंदी रिपोर्टमधून गायब. जिथे जिल्हा कोडने ओळखला जातो आणि कोड बाइंड होतो, तिथे मास्टर टेबलातली एक ओळ बदलली की काम झाले. वाहनांच्या नंबरातले एमएच १६ आणि एमएच १७ नाव बदलल्यावरही तसेच राहिले.

मराठी मजकुराची एक पीडा इथेच सांगून टाकतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये देवनागरी नाव वाक्यात चिकटवताना आधी 'एन' अक्षर लावायचे राहिले की 'पाथर्डी' ऐवजी टेबलात नुसती प्रश्नचिन्हे जातात, आणि एकदा गेलेली अक्षरे परत मिळत नाहीत. एनव्हारचार प्रकारचे मूल्य बाइंड केले की ही कटकटच राहत नाही. तारखेचेही तसेच: '०१/०२/२०२५' ही एक फेब्रुवारी की दोन जानेवारी, हे सर्व्हरच्या सेटिंगवर सोडू नका, तारीख तारखेच्याच प्रकारात बाइंड करा. साखर हंगाम १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर असा दोन वर्षांवर पसरतो, त्यामुळे अशी गल्लत लवकर डोळ्यांत भरत नाही. एकाच वेळी अनेक जाती निवडता येत असतील तर निवडलेल्या संख्येएवढी प्रश्नचिन्हे प्रोग्रॅमने छापावीत, किंवा पोस्टग्रेसमध्ये एक ॲरे आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये टेबलरूपी पॅरामीटर द्यावा.

आतापर्यंतचे बोलणे 'सिलेक्ट'चे होते. 'अपडेट' आणि 'डिलीट'मध्ये अट चालताना रचत असाल तर धोका वेगळाच. तोडणीची तारीख बदलण्याच्या स्क्रीनवर सगळे रकाने रिकामे राहिले आणि एकही तुकडा जोडला गेला नाही, तर वाक्य 'व्हेअर'शिवाय जाते आणि टेबलातल्या सगळ्या नोंदींची तारीख एका फटक्यात बदलते. यात हल्लेखोर कोणी नाही, बाइंडही नीट आहे, तरी नुकसान पूर्ण. 'व्हेअर १=१' ने सुरुवात करायची सवय इथे घातक ठरते, कारण वाक्य व्याकरणाने बरोबर राहते. म्हणून बदल करणाऱ्या क्वेरीत एकही अट जोडली गेली नसेल तर प्रोग्रॅमने थेट नकार द्यावा. किती ओळी बदलणार हे आधी मोजून दाखवावे, आणि बदल झाल्यावरची संख्या तिच्याशी जुळली नाही तर व्यवहार मागे घ्यावा. रिपोर्ट काढणाऱ्या प्रोग्रॅमला डेटाबेसचा फक्त वाचण्याचा अधिकार असलेला वेगळा युजर द्या. क्वेरीत काही निसटले तरी लिहिता येणार नाही. लॉगमध्ये रचलेले वाक्य जरूर लिहा, त्याशिवाय ३२ प्रकारांतला कोणता अडला ते कळणार नाही, पण त्यासोबत आधार किंवा बँक खात्याचे क्रमांक लिहू नका. चाचणीत निदान प्रत्येक रकाना एकटा भरून, सगळे भरून आणि सगळे रिकामे ठेवून पाहा.

गाळप संपून पुढचा हंगाम सुरू होईपर्यंतचे महिने या कामासाठी बरे. सगळा कोड एकदा चाळून 'सिलेक्ट', 'अपडेट' आणि 'डिलीट' या शब्दांच्या आसपास अधिक चिन्ह कुठे आहे त्याची यादी करा. मोबाइल ॲपशी जोडलेले प्रोग्रॅम आधी घ्या, मग पैसे देणारे, मग बाकीचे. यादीतल्या पहिल्या क्वेरीत चिकटवलेले मूल्य काढून तिथे प्रश्नचिन्ह घाला, आणि ती चालली की दुसरीला हात घाला.